झरीचा माळ आणि नववी गल

"किसने खोदा? ये गड्ढा किसने खोदा?"

माळावरच्या खळग्यातून फक्त एक टोपी आणि ही आरोळी बाहेर येत होती. आत परभणीच्या रेल्वेचे इंजिनियरसाहेब गोल्फच्या पांढऱ्या गोळीला अकरावा टोला हाणत होते आणि काठावर माझे मामा, डोईला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, बोटांच्या पेरांवर टोले मोजत उभे होते.

"मेंढरांनी, साहेब," मामा म्हणाले. "बसून बसून पडलाय. वाऱ्याचा आडोसा हुडकतेत बिचारी."

साहेबांनी बारावा टोला हाणला. गोळी वर आली, तिनं काठावरून जग बघितलं आणि शिकवलेल्या कोकरासारखी पुन्हा साहेबांच्या पायाशी येऊन बसली.

साऱ्या निजामाच्या मुलखात गोल्फचं मैदान आखावं तर आमच्या मामांनीच, असं मी छातीठोक सांगतो. त्यांनी उभ्या जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती, ही गोष्ट वेगळी. साहेबांना जिल्ह्याच्या तालुकदारांनी झरीचा हा माळ खेळायला दिला, तेव्हा साहेबांनी स्वतःच नाकासमोर नऊ गली खणल्या, गोट्यांच्या खेळात खणतात तशा, प्रत्येकीत एक निशाण रोवलं आणि आठ दिवसांत जांभया द्यायला लागले. ना झाड, ना तळं; डोळे झाकून हाणलं तरी छत्तीस टोल्यांत खेळ खलास. मग त्यांनी ठरवलं, माळाला तारेचं कुंपण घालायचं आणि आत झाडी लावायची. इकडं आमच्या घरात चूल पेटेना. पावसाळ्यात चारी बाजूंना पिकं उभी असतात, मेंढरांना तोंड घालायला हा एकच माळ. कुंपण पडलं की कळप मोडायचा. मामा तडक बंगल्यावर गेले. म्हणाले, "झाडं कशापायी, साहेब? गली मी मांडून देतो. चाळीस टोल्यांत नऊ पुऱ्या करा अन् मग घाला कुंपण." साहेब इतके हसले, की म्हणे चहा बशीतून बुटात गेला.

मामांची अडचण एकच होती. कमी टोले मारणारा जिंकतो, हे त्यांना मरेपर्यंत पटलं नाही. "सगळ्यात आधी घरी आलेलं मेंढरू उपाशी असतंय," हा त्यांचा कायदा. म्हणून त्यांनी नऊ गली दिवसभराच्या चराईसारख्या मांडल्या. सकाळी ऊन पाठीशी, मधोमध विहीर, परतताना वारा थेट तोंडावर. त्यासाठी ते चार दिवस माळावर पालथे पडून, मेंढराच्या डोळ्याला डोळा लावून बघत होते. मी म्हटलं, "मामा, सपाट तर हाय माळ." त्यावर म्हणाले, "सपाट हाय हे उभ्या माणसाचं मत हाय." निशाण मामा रोवायचे नेमकं खळग्याच्या पलीकडं. डावीकडं दहा गावांचं लग्न बसेल एवढी मोकळी जागा आणि तिथून उतार असा, की गोळी आपल्या पायानं गलीत जावी. पण तिकडं जातो कोण? "निशाण दिसलं की माणूस सरळ सुटतोय," मामा म्हणायचे. "मेंढरू सुटत न्हाई."

साहेब दर रविवारी सरळ सुटले. तिसऱ्या गलीला हाणलेली गोळी वाऱ्यानं फिरून पहिल्या गलीत पडायची. एक गोळी तर राणीसावरगावला निघाली. तिथल्या एका कोंबडीनं तिच्यावर तीन आठवडे बसून काढले; शेवटी कोंबडीनं नाद सोडला, साहेबांनी नाही.

आणि एका रविवारी वाराच पडला. पानच नसलेल्या माळावर पान हलेना म्हणायची सोय नव्हती, पण मामांच्या मुंडाशाचा सोगा हलेना. साहेबांनी आठ गली पस्तिसांत मारल्या. मामी भाकरीचं पीठ तसंच ठेवून माळावर आली. मी विचारलं, "मामा, वारा कुठाय?"

"वारा न्हाई तर ऊन हाय की," मामा म्हणाले.

दुपारच्या धगीत माळ तव्यासारखा लवलवत होता. अंतराच्या मापाला झाड नाही, झुडूप नाही. नववं निशाण हात लावावा इतकं जवळ दिसायला लागलं. साहेबांनी तेवढंच हाणलं. गोळी निशाणाच्या अलीकडं, अलगद, खळग्यात. पुढचं तुम्ही वर ऐकलंच आहे. सतराव्या टोल्याला साहेब गोळी खिशात घालून बाहेर आले, ताज्या विटेसारखे लाल, मामांच्या घोंगड्यावर बसले, मामांच्याच तांब्यातून पाणी प्यायले आणि पोट धरून हसले. त्याच आठवड्यात कुंपणाची तार परत गेली. साहेब मात्र दर रविवारी येत राहिले आणि मामांना 'मिस्त्री' म्हणायला लागले.

मग निजामाचं राज्य गेलं आणि साहेबांचंही जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी ते काठ्या न घेताच आले. दोघं खळग्याच्या काठावर बसले. मेंढरं निशाणांमधून चरत होती.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "नौवें का कोई आसान रास्ता है?"

मामांनी काठीनं डावीकडं दाखवलं. "तितून. पहिला टोला तिकडं टाकायचा. मंग उतारानं जातीय आपसूक. चारात हुतंय."

साहेब तिकडं बघत राहिले. "इतने साल बोला क्यों नहीं?"

मामांनी घोंगडं झटकलं.

"मंग तुमी आला नसता."