टोपीखालचे केस

मंगळवेढ्याहून सोलापूरला येताना एसटीत माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीतला एक शेतकरी बसला होता. गाडी थांबली की तो टोपी काढी, विरळ केसांतून कंगवा फिरवी आणि टोपी पुन्हा घाली. मी बघतोय म्हटल्यावर आपणहूनच बोलला. "मुंबईच्या डॉक्टरनं मागचं केस काढून पुढं लावलं. म्हैन्याभरात समदं गळालं, तवा गाव लई हसलं. चार म्हैन्यांनी उगवलं की!"

केस लावता येतात, हेच मला तेव्हा नवीन होतं. तरी राहवलं नाही. "टोपीच घालायची, तर ऑपरेशन कशाला केलंत?"

त्यानं टोपी कपाळावर नीट बसवली. "गावात टोपी लागतीच की, सायेब. पर आदी टक्कल लपवायला घालत हुतो. आता मानानं घालतो."