पिवळ्या पायांची हरियालं

पनवेलच्या मासळीबाजाराबाहेर पांडू कातकरी गलोलीने मारलेली हरियालं, म्हणजे हिरवी रानकबुतरं, विकायचा. पिसं उपटली तरी पाय तो तसेच ठेवायचा, कारण हरियालाचे पाय पिवळे आणि देवळातल्या पारव्यांचे लाल. देवळाचा पारवा मारणाऱ्याला गाव सोडत नसे.

१९५४ च्या वैशाखात मांस टिकावं म्हणून त्याच्या बायकोने, पारूने, पक्षी जाळावर शेकले. पाय कोळशासारखे काळे झाले.

"देवळाचे पारवे हायत हे," पाटीत डोकावून आनंदा मिठागरवाला म्हणाला आणि त्याने पहिली लाथ घातली. मग काठ्या आल्या. पांडू उजवा हात डोक्यावर धरून ओरडत राहिला, "गळा चिरून बघा, शेठ. पारवा दाणं खातो, ह्यो उंबरं खातो."

हाताचं हाड मोडलं, तेव्हा कुठे एका कोळणीने मासे कापायच्या कोयतीवर एका पक्ष्याचा गळा चिरला. आत उंबरं होती. दाणा एकही नव्हता.

"मंग आदी बोलायचा ना," म्हणत आनंदाने काठी टाकली.

पांडूचा हात वाकडाच जुळला. पुढे गलोल पारूच ताणायची आणि तो झाडाखालून नुसतं बोट दाखवायचा. पक्षी ती अजूनही शेकायची, पण पाय ओल्या फडक्यात गुंडाळून.