भिंतीवरची फ्रेम

राजारामपुरीतल्या त्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा मालकांनी माझी मूळ प्रमाणपत्रं स्वतःच्या कपाटात ठेवून घेतली. मधेच कुणी सोडून जाऊ नये म्हणून सगळ्याच शिक्षकांची ठेवायचे. नोकरी सोडल्यावर ती परत मिळवायला मी पाच महिने खेटे घातले. दर वेळी एकच उत्तर, "किल्ली घरी हाय, उद्या या."

मी दुसरीकडं शिकवायला लागले आणि त्यांच्या क्लासची पोरंही माझ्यामागं तिकडं आली. यंदा मालकांनीच फोन करून परत बोलावलं. पगार, सुट्ट्या, मी म्हणेन ते मुकाट मान्य केलं. मग मी केबिनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या त्यांच्या पदवीकडं बोट दाखवलं.

"मी इथं असेपर्यंत ही माझ्याकडं राहणार."

"चेष्टा करताय व्हय, मॅडम?"

मी पर्स उचलली. तेव्हा ते स्वतः खुर्चीवर चढले आणि फ्रेम उतरवून माझ्या हातात दिली.

आता ती स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात आहे. परवा पालकसभेपुरती मागायला आले.

मी म्हटलं, "किल्ली घरी हाय सर, उद्या या."