गडग्याच्या दोन्ही बाजूंची खापरं

मी काय करते, हे आमच्या गावात सांगायची सोय नाही. मी जुनी खापरं अभ्यासते. म्हणजे जमिनीतून निघालेले फुटक्या मडक्यांचे तुकडे धुते, वाळवते, आणि ते भांडं कुठल्या काळातलं, कुठून आलं, त्यात काय ठेवत असतील, ते ठरवते. मालगुंडच्या बाजारात एका बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, आणि लग्नाचं?" पुण्यात पीएच.डी. करते म्हटलं की लोक मान डोलावतात. खापरं म्हटलं की आईकडे दयेने बघतात.

आईने मात्र एकदा मनापासून विचारलं होतं, "ह्यात भात शिजवला की पाणी ठेवलं, ते कसं कळतं गो?" मी तिला एका हंडीच्या बुडाचा तुकडा दाखवला. बाहेरून काजळी होती. तिने अंगठा फिरवला, काळं झालेलं बोट पाहिलं आणि म्हणाली, "बाई घासायची नाही नीट." माझ्या संशोधनावर घरात झालेली तेवढी एकच चर्चा.

आईला स्वतःचं स्वयंपाकघर कधी मिळालं नाही. मुंबईत बाबांच्या नोकरीभर एकच खोली, तिच्यात दाराआडचा ओटा. ते निवृत्त झाल्यावर गावी आलो तर वाटणीत जुनं घर काकांकडे गेलेलं आणि शेजारची मोकळी जागा आमच्याकडे. मग भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. तिथल्या स्वयंपाकाच्या खोलीला खिडकीच नाही. कांद्याची फोडणी दिली की आम्ही सगळे अंगणात. त्यामुळे घर बांधायचं ठरलं तेव्हा आईने बाकी कशातही तोंड घातलं नाही. फक्त जागेच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि चार चिऱ्याचे तुकडे ठेवून म्हणाली, "इथे ओटा. भाजी चिरताना खाडी दिसली पाहिजे."

आमच्या आणि काकांच्या जागेमध्ये गडगा आहे, दगडांवर दगड रचलेला. काकांनी तो हातभर आमच्या बाजूला सरकवला असं बाबांचं म्हणणं, आणि बाबांनी तो कधी नीट पाहिलाच नाही असं काकांचं. त्यावरून दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अगदीच गरज पडली तर गडग्यापाशी येऊन हवेशी बोलायचे. "पाण्याची मोटर कुणीतरी बंद करायला विसरलंय वाटतं," असं.

पाया खणायला घेतला तेव्हा मी सुट्टीवर होते. आईच्या कोपऱ्यातल्या चरातून माती वर येत होती आणि मातीत खापरं होती. साधी तांबडी होती, काळी होती, आणि मधेच जाड, निळसर हिरव्या झिलईचे तुकडे. इराणच्या बाजूने गलबतांतून यायचे त्या रांजणांचे. मी हे तुकडे आजवर दुसऱ्यांच्या गावात पाहिले होते. मी तिथेच चिखलात बसकण मारली.

"काय गो, काय झालं?" बाबा म्हणाले. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "कुणाकडे बोललीस? सरकारला कळलं तर जागा गेली." मी म्हटलं, जागा कुणी नेत नाही, फार तर लोक येतील, बघतील, एखादा खड्डा घेतील. "आधी असंच सांगतात," बाबा म्हणाले. त्यांनी उभी हयात सरकारी कचेरीत काढली होती, त्यामुळे सरकारवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी म्हटलं, मला माझ्या सरांना कळवावंच लागेल. ते म्हणाले, स्लॅब पडल्यावर कळव. मी म्हटलं, नाही. मग आम्हीही हवेशी बोलायला लागलो.

दुसऱ्या दिवशी चराच्या काठावरची खापरं गायब. दुपारी काका जेवून आडवे झाले की बाबा घमेलं भरायचे आणि गडग्यापलीकडे रिकामं करायचे. सरकारला जागा हवीच असेल तर ह्याची घेऊ दे, असा साधा हिशेब. पण काका काही दुधखुळे नव्हते. बाबा पूजेला बसले की सगळा माल परत आमच्या बाजूला. हे रोज चाललं. दोघांच्याही कमरा धरल्या. दोघेही हवेला दोष देत होते.

"बाबा, अहो खापर कुठे सापडलं हेच तर महत्त्वाचं असतं," मी कळवळून म्हटलं.

"म्हणूनच तिकडे टाकतोय ना," बाबा म्हणाले.

शेवटी मी सरांना फोन केला आणि ते आले. आमचे सर मोठे विद्वान आहेत. मुठीएवढा तुकडा दाखवला की अख्खं बंदर उभं करतात. त्यांनी दिवसभर उन्हात फिरून प्रत्येक खापराशी छोटं निशाण रोवलं. संध्याकाळी पाहिलं तर गडग्याच्या दोन्ही बाजूंना निशाणांची दाटी, आणि माणसाचं घमेलं पोचेल तिथवर जाऊन ती विरळ झालेली. सर भारावले. "वखार," ते म्हणाले. "लांबट वखार. मधे भिंत, दोन्ही अंगांना रांजणांच्या रांगा. आणि हा गडगा बरोबर त्या भिंतीवर."

"सर, हे बाबा आणि काका फेकतात," मी म्हटलं, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं. मग मायेने म्हणाले, "घरच्या जागेबद्दल तटस्थ राहणं अवघडच असतं."

गडग्यापलीकडे काका उभे होते. वखार, व्यापार, परदेश, हे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि सरकारची भीती कुठल्या कुठे गेली. ते पुढे आले. "आमचे पूर्वज दर्यावर्दीच," ते सरांना म्हणाले. "ही खापरं आमच्याकडचीच आहेत सगळी. तिकडे उडून गेली थोडी."

बाबा चरावर ताडपत्री टाकून तिच्यापाशी दिवसभर राखण करत बसले होते. आई त्यांच्या शेजारी होती. ते उठले तसा तिने सदरा धरला. "बसा हो गप्प," ती म्हणाली. "माझ्या ओट्याचा विचार करा."

मला वाटतं त्यांनी केला विचार. क्षणभर थांबले होते. पण भाऊ समोर उभा होता. "ह्याच्याकडची?" बाबा म्हणाले. "मी माझ्या हाताने फेकलीत ती. या इकडे, कुठून निघाली ते दाखवतो." आणि कित्येक वर्षांनी काकांच्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांनी सरांचं मनगट धरलं, कोपऱ्यात नेलं आणि ताडपत्री ओढली. चराच्या भिंतीत राखेचा पट्टा होता आणि त्यात खापरं जशीच्या तशी रुतलेली. सर वखार विसरले. त्यांनी टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "इथलं काम थांबवा."

काम थांबलं. परवानगी यायला वेळ लागला, तोवर गवंडी दुसऱ्या कामावर गेले. मग दोऱ्या ताणून खड्डा आखला, तो नेमका आईच्या चार चिऱ्यांच्या आत. बाबा खूश. गणपतीपुळ्याला जाणारे पाहुणे वाट वाकडी करून येतात आणि बाबा त्यांना खड्डा दाखवतात, "आमचा." काका पलीकडून सांगतात की राखेचा पट्टा उतरत त्यांच्याकडेच गेलाय. दोघे आता तोंडावर भांडतात, हा पुरातत्त्वाचा फायदाच म्हणायचा. मला बाबांचा संताप यायचा. पण रोज सकाळी खड्ड्यात उतरताना मला स्वतःला जो आनंद व्हायचा, त्या आनंदाचा संताप त्याहून जास्त यायचा. घर कधी, हे आईने एकदाही विचारलं नाही.

खाली एके ठिकाणी तीन दगड लागले. त्यांच्यामध्ये राख, आणि दगडांवरच मातीच्या ओझ्याने फुटलेली हंडी. आई चहा घेऊन आली होती. भाड्याच्या खोलीपासून इथवर ती रोज सगळ्यांचा चहा आणायची. मी हंडीच्या बुडाचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"ही बाई बसायची कुठे?" तिने विचारलं.

राख जिकडून ओढलेली होती ती बाजू मी दाखवली. म्हणजे तिथे बसून तिचं तोंड पश्चिमेकडे. आई त्या जागेच्या वर, काठाशी जाऊन उभी राहिली. समोर भरतीची खाडी होती.

"जागा चांगली निवडली हिने," ती म्हणाली. "हिला मिळाली तरी." मग तुकडा माझ्याकडे परत दिला आणि रिकामे कप गोळा करायला लागली.