अक्काच्या मशीनची मोटार

१९६८ ची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले होते. धुळ्याच्या दुकानात मी जुन्या, नव्याने वाइंडिंग केलेल्या तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीचे साडेतीनशे रुपये मोजले. हजर आम्ही तिघे होतो: दुकानदार शेठ, मिस्त्री आणि मी. जिच्यासाठी मोटार घेतली ती माझी थोरली बहीण अक्का शिरपूरला होती. त्याही अखाजीला ती माहेरी आली नव्हती.

आमच्याकडे अखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जातो. आई गेल्यावर अक्काचं माहेर म्हणजे जळगावातलं माझं घर. मी दरवर्षी मुराळी म्हणून जायचो आणि एकटाच परतायचो, कारण नेमकी तेव्हाच तिच्याकडे लाकूडकामाची झुंबड असायची. पाऊस तोंडावर आलेला, प्रत्येकाला वखर आणि तिफण दुरुस्त करून हवी.

गोल करवत, रंधा आणि गिरमिट एकाच लोखंडी बैठकीवर असलेलं ते मशीन तिच्या यजमानांनी धरणगावच्या एका बंद जिनिंगमधून आणलं होतं. ते रॉकेलच्या इंजिनावर चाले. यजमान वारल्यावर अक्काने एक सुतार ठेवून धंदा चालवला. पण आता इंजिन चालण्यापेक्षा बंदच जास्त असे. मोटार बसली की काम निम्म्या वेळात होईल आणि ती मोकळी होईल, असा माझा हिशोब होता.

मोटार घेऊन मिस्त्री माझ्याबरोबर शिरपूरला आला आणि त्याने मशीन उघडलं. "अक्का, निम्मं लोखंड तर गंजानेच खाल्लंय."

"मंग मजुरी बी निम्मीच घे," अक्का म्हणाली.

रॉकेलने गंज काढला, झिजलेल्या बुशांच्या जागी बॉल बेअरिंग बसवले, रंध्याच्या पात्यांना धार लावली. मग मिस्त्री पट्टा सरळ चढवू लागला तशी अक्का पुढे आली.

"आडा टाक. यास्नी बारा वरीस आडाच चालाडा."

यजमान पट्ट्याला पीळ देत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. मी म्हटलं, मिस्त्रीला करू दे.

"तू रुपया मोज. पट्टानं मी दखस."

पट्टा आडा चढला आणि मोटार सुरू झाली. फळी रंध्यावर धरली तर छिलका निघेना. लाकूड नुसतं घासून काळं पडू लागलं. इंजिन उलटं फिरायचं, म्हणून यजमान पीळ देत असत. मोटार सुलटी होती, म्हणून पिळाने रंधाच उलटा फिरत होता.

"वायरी बदलतो," मिस्त्री म्हणाला. "आडाच ठेवा, मोटार उलटी फिरवू."

अक्का पट्ट्यावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने स्वतःच पट्टा उतरवला आणि त्याचा पीळ काढला.

"ऱ्हाऊ दे. आडा पट्टा लवकर घसास."

पट्टा सरळ चढला. पहिल्याच फळीवरून लांब, पातळ छिलका निघाला. अक्काने तो बोटाला गुंडाळला आणि पदराने डोळे पुसले. भुसा गेला म्हणाली.

"पुढली अखाजीले येशी ना?" मी विचारलं.

"येसु ना. कसाले नही येसु?"

पुढच्या अखाजीला माझ्या बायकोने अंगणातल्या निंबाला झोका बांधून ठेवला आणि मी मुराळी होऊन शिरपूरला गेलो. दुकानासमोर बैलगाड्यांची रांग होती. मोटारीवर काम झटपट होतं हे कळल्यावर सातपुड्याच्या पायथ्याची गावंही आता तिच्याकडेच येत होती. मी वाचणारे तास धरले होते, वाढणारं काम धरलं नव्हतं.

अक्काच्या केसांत भुसा होता. ती हसत होती. कितीतरी वर्षांनी मी तिला तशी पाहिली.

"दख ना भाऊ, बठ्ठास्ले पानी पडाना पहिले वखर जोयजे. कशी येऊ?"

तिने अखाजीच्या गोड सांजोऱ्या बांधून दिल्या. जळगावला जायला धुळ्यावरून गाडी बदलावी लागे; स्टँडवर मी धुळ्याचं एकच तिकीट मागितलं आणि कंडक्टरला त्याचे दोन रुपये दिले.