कुंपण आणि एक्स

दहावीला बीजगणिताच्या एका गणितानं मला आठवडाभर छळलं. साठ मीटर तार, एका बाजूला भिंत, उरलेल्या तीन बाजूंना कुंपण घालायचं; जागा जास्तीत जास्त किती मिळेल? रुंदी एक्स धरली की लांबी साठ वजा दोन एक्स. दोन्हींचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ. इथवर जमलं. पुढं वर्गसमीकरण म्हटल्यावर मी सवयीनं ते शून्याबरोबर मांडलं. उत्तरं आली शून्य आणि तीस. रुंदी तीस घेतली तर लांबीच उरत नव्हती.

सरांनी वही परत दिली. "सगळ्यात मोठं शेत शून्य मीटरचं? वा!"

वर्ग हसला. मी पान फाडलं.

चिडूनच एकेक आकडा घालून बघत सुटले. चौदाला चारशे अठ्ठेचाळीस, सोळालाही तेवढेच. मधल्या पंधराला चारशे पन्नास. पंधरा म्हणजे शून्य आणि तीसच्या बरोबर मध्ये! माझी उत्तरं चुकीची नव्हती, मी मध्येच थांबले होते. हे सर एका वाक्यात सांगू शकले असते.

अंजूर गावात आमच्या घरामागं गोदामाची भिंत होती आणि आईला तिथं भाजीला कुंपण हवं होतं. घरात तारही साधारण तेवढीच पडून होती. मी हट्टानं पंधरा बाय तीसच्या खुंट्या ठोकल्या. तेवढ्यात गोदामाचा वॉचमन आला. "दीवार से तार नहीं बाँधना. सेठ चिल्लाएगा."

म्हणजे चारही बाजूंना तार. पुन्हा गणित केलं. पंधराचा चौरस, दोनशे पंचवीस. निम्मीच जागा. तेही गिळलं आणि खुंट्या हलवल्या.

आईनं त्या उपटून वीस बाय दहावर लावल्या.

"अगं, पंचवीस चौरस मीटर वाया जातात!" मी ओरडले.

"पाईप आत दहा मीटरपत्तरच पोचतो. म्होरं पानी कोन घालनार, तुजा एक्स?"

मला जास्तच राग आला. तार बांधायला गेलेच नाही. तिनं एकटीनं दुपारभर बांधली. त्या वर्षी भेंडी भरपूर आली आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.