खरजेच्या कोल्हीचं रक्त

प्राण्यांच्या दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या बाईंशी दिवसभर बोलायला कुणी नसे. एकदा रानातून खरजेने केस झडलेली कोल्ही आणली. तिचं रक्त पाण्यासारखं फिकट होतं. तांबड्या पेशी निम्म्याच उरलेल्या, पांढऱ्या मात्र वाढलेल्या.

"रोग कातडीचा, मग रक्त कुठे गेलं?" नव्या डॉक्टरांनी विचारलं.

"सारखं खाजवत बसल्यावर शिकार कधी करणार? पोटात अन्न नाही, अंगभर जखमा. रक्त बनणार कशातून?" बाई म्हणाल्या.

औषध लागू पडलं. दर आठवड्याला बाई तिचं रक्त तपासत आणि पिंजऱ्यापाशी बसून आकडे तिलाच वाचून दाखवत. दोन महिन्यांनी सगळे आकडे जागेवर आले. तिला सोडायच्या कागदावर बाईंनीच सही केली आणि त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.